दार उघडतं की नाही

गुरुजी, त्या नाटकाचा शेवट सापडला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तरी आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

शाळेच्या कपाटातलं ते जुनं इंग्रजी पुस्तक अजून डोळ्यांसमोर येतं. शेवटची पानं गेलेली. घर सोडून गेलेला मुलगा वीस वर्षांनी येऊन आईचं दार वाजवतो, आणि तिथंच पुस्तक संपतं. तुम्ही ते मराठीत आणलंत, प्रत्येकाच्या संवादांच्या नकला स्वतःच्या हातानं लिहिल्यात आणि दर जत्रेला शेवट नवा जोडलात. मुलाचं काम माझ्याकडे. एका वर्षी आईनं मला पोटाशी धरलं, पुढच्या वर्षी आतून कडी घातली. बायका तुम्हाला रस्त्यात अडवायच्या, "यंदा तरी उघडणार का हो ती दार? पोराला किती तिष्ठत ठेवाल?" तुम्ही म्हणायचात, "मला काय विचारता? ज्यानं लिहिलं त्याला विचारा!"

त्या लेखकाचा तुम्हाला भारी लळा. प्रस्तावनेत त्याची हकिगत होती: कापडाच्या दुकानात कारकून, मग लंडनमध्ये नाटकं, मग मूकपटांच्या कथा. "मुक्या चित्रपटालासुद्धा लिहिणारा लागतो बघ," असं म्हणून तुम्ही स्वतःच हसायचात. मी अमेरिकेला निघालो तेव्हा एवढंच मागितलंत. "तिकडं मोठी ग्रंथालयं असतात म्हणे. तेवढा शेवट बघ."

गेल्या आठवड्यात स्टेट कॉलेज नावाच्या गावी मुलीकडे गेलो होतो. ती तिथल्या विद्यापीठात शिकते. जेवताना तुमच्या जत्रेतल्या त्या नाटकाचा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. "टेन मिनिट्स, बाबा. लायब्ररीच्या बेसमेंटमध्येच होतं."

तिसऱ्या दिवशी सकाळची पूजा आटोपून मी शेवटची पानं मोठ्यानं वाचली. दार उघडत नाही, गुरुजी. तो वाजवत राहतो आणि पडदा पडतो. पण मागं एक टिपण आहे. बोलपट आल्यावर लेखकानंच या नाटकाचा चित्रपट लिहिला, आणि त्यात आईला दार उघडायला लावलं. पुढं काम मिळेनासं झालं, तेव्हा म्हातारपणी हाच प्रवेश तो पुन्हा लिहायला बसला. तो अपुराच राहिला. म्हणजे त्यालाही ठरवता आलं नाही. तुम्ही टाळी मागितली असती.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून लिहितो. तुम्ही अंथरुणाला खिळला होतात तेव्हा फोनवर विचारलंत, "मिळालं का रे?" मी म्हणालो, "सगळीकडे शोधलं गुरुजी, नाही मिळालं." ग्रंथालय माझ्या ऑफिसपासून दोन चौकांवर होतं. मी एकदाही आत गेलो नव्हतो. "असू दे," तुम्ही म्हणालात, "एवढ्या कामात माझ्यासाठी वणवण केलीस. देव तुझं भलं करो."

तो आशीर्वाद मी गुपचूप घेतला.