बरणीवरचा आईचा चेहरा

४ मार्च

ती. ताईस,
सा. न.

फोनवर तू मला मध्येच तोडतेस आणि मग मी रडते, म्हणून लिहायला बसले आहे. शांतपणे वाच. वाचून झाल्यावर भांडी घासायला घेऊ नकोस. मागच्या वेळी चिडलीस तेव्हा पातेल्याचा तळ जायचा बाकी राहिला होता.

आमच्या नाटकातल्या नायिकेसाठी रंग उतरवायला काहीतरी सौम्य हवं होतं. तिची कातडी फार नाजूक आहे, आणि रंगभूषा माझ्याकडे, म्हणजे जबाबदारीही माझीच. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले तर फळीवर काचेच्या बरण्यांची रांग, आणि प्रत्येक बरणीवर आपली आई. रेघांची शाल, डोळ्यांत तेच मिस्कील हसू. खाली लिहिलेलं: ‘आईचं मलम. फुलं, तेल, मेण. बाकी काही नाही.’ मागच्या बाजूला दादा-वहिनींच्या कारखान्याचा पत्ता. मला वाटलं, तू आणि वहिनींनी मिळून सुरू केलंत आणि मला चकित करणार होतात. दुकानातच मी वेड्यासारखी हसले.

त्या संध्याकाळी मी स्वतःच्या हातांनी ते तिच्या चेहऱ्याला चोळलं. आईचं आहे म्हणून आधी मनगटावर लावूनसुद्धा पाहिलं नाही. सकाळी तिच्या पापण्या सुजून डोळे मिटले होते, गालांवर लाल चट्टे. डॉक्टर म्हणाले, यात भरमसाट सुगंध आहे, तोच बाधला. व्यवस्थापकांनी मला बोलावून सांगितलं की ती बरी होईपर्यंत नाटक बंद, आणि तोपर्यंत तूही घरीच बस.

ताई, आईच्या मलमाला कधी अत्तराचा वास येत होता का? आणि फोटोत तिच्या खांद्यावर एक हात आहे, नुसता हात, माणूस नाही. तो हात तुझा आहे ना?

लगेच लिही. तुझ्या मायेची आज फार गरज आहे.

तुझी,
चिमी

९ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

हात माझाच. मी दादाला विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्या फोटोत तुझे डोळे मिटलेले होते म्हणून तुला कापलं. कात्री त्याने स्वतःच चालवली. हे त्याने असं सांगितलं, जसं काही माझ्यावर उपकारच केले.

तुला आधी कळवलं नाही, कारण तू तिकडे हळहळत बसली असतीस. आई गेल्यानंतर वहिनी रोज यायच्या. माझ्याशेजारी बसून फुलं निवडायच्या, तेल गाळायच्या. मला वाटलं, बाईला आईची आठवण येते. केशरी फुलं किती दिवस तेलात मुरवायची, मेण किती मंद आचेवर वितळवायचं, सगळं मी हाताला धरून दाखवलं. मग एक दिवस यायच्या बंद झाल्या. पुढे कारखान्याची पाटी लागली आणि आईचा चेहरा बाजारात गेला.

मी त्यांच्या दुकानात जाऊन एक बरणी उघडली. चिमे, ते मलमच नव्हे. पांढरंफेक, बुळबुळीत, हातावर पसरतं पण मुरत नाही. आईचं पिवळसर असायचं आणि गारठ्यात रवाळ व्हायचं. मी वहिनींना सगळ्यांसमोर विचारलं, फुलं कुठे आहेत? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या की ताईंना घरात एकटेपणा खायला उठतो, त्यांनी हवं तर इथे काउंटरवर बसावं, आईंची लेक म्हणून गिऱ्हाइकांनाही आवडेल. वर एक अॅप्रनही पुढे केला. त्यावरही आई छापलेली.

अंगाचा नुसता भडका उडाला. तरी अॅप्रनची नीट घडी घातली, काउंटरवर ठेवली आणि घरी आले. होय, भांडी घासली.

त्या बाईने आईला विकलं आणि तुझं काम घालवलं. मी हे गिळणार नाही. कसं ते अजून ठरलेलं नाही, पण तिला सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावेन. मला समजावायला जाऊ नकोस. त्या मुलीच्या डोळ्यांचं कळव. जेवत जा. तुझ्यावरचा जीव कमी व्हायचा नाही.

तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न.

समजावायला आले नाहीये. तुझ्या बाजूने उभी राहायला आले आहे.

त्या मुलीच्या पापण्यांची सूज उतरली, चट्टे मात्र आहेत. मी भेटायला गेले तर खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला एका शब्दाने दोष दिला नाही. म्हणाली, तुझ्या आईचा चेहरा पाहून मलाही विश्वास वाटला होता. ताई, तिने ओरडून घेतलं असतं तर परवडलं असतं.

मी कारखान्याला कळवलं होतं. उत्तरादाखल दोन बरण्या भेट आल्या, सोबत छापील शुभेच्छा. बहुधा नाव वाचायचीही तसदी कुणी घेतली नाही. नणंदेला तिच्याच आईच्या तोंडाची बरणी भेट! मी हसले की रडले, मलाच आठवत नाही.

एकच मागणं आहे. आरडाओरडा करू नकोस. तू ओरडलीस की लोक तुझा राग पाहतात आणि वहिनींची लबाडी विसरतात. त्यांची मदार त्यावरच असते. त्या मंद हसतील, आणि वेडी ठरशील तू. काही करायचं तर असं कर की त्यांना हसायला जागाच उरू नये. त्या सगळीकडे सांगतात ना, रिकामी बरणी परत आणा, आम्ही धुऊन पुन्हा भरतो, आमच्याकडे कचरा होतच नाही? ते तरी खरं आहे का, बघ जरा.

तुझा राग मला हवा आहे. फक्त तो सांडू नकोस.

तुझी,
चिमी

२३ मार्च

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं आईवर गेलंय. माझं फक्त नाक.

आमच्या गल्लीत एक भंगारवाली हातगाडी घेऊन फिरते. तिला विचारलं, कारखान्याच्या बरण्या तुझ्याकडे येतात का? ती म्हणाली, माझ्याकडे कशाला येतील, बघायच्या असतील तर चल. कारखान्याच्या मागे बंद पडलेली दगडाची खाण आहे, तिथे मला घेऊन गेली.

चिमे, खाणीच्या तळाशी बरण्यांचा ढीग पडलाय. फुटक्या, धड, झाकणासकट. लोक पिशवीत घालून, धुऊन-पुसून, चांगलं काहीतरी केल्याच्या समाधानात परत देतात, आणि यांचा टेम्पो येऊन इथे ओतून जातो. धुण्यापेक्षा नवीन घेणं स्वस्त पडतं, असं टेम्पोवाला भंगारवालीला म्हणाला होता. काही बरण्यांत पावसाचं पाणी, काहींत गोगलगायी. आणि जिकडे बघावं तिकडे आई. चिखलात पालथी पडलेली आई, काचेच्या तड्याखालची आई. एक बरणी माझ्या पायाखाली आली. मी खाली बसले आणि पदराने ती पुसत राहिले. थोड्या वेळाने भंगारवालीही शेजारी बसून पुसू लागली. पण मग मीच तिला थांबवलं. म्हटलं, नको, यांना अशाच राहू देत.

पुढच्या रविवारी वहिनींच्या नव्या दुकानाचं उद्घाटन आहे. वर्तमानपत्रवाले येणार, भाषण होणार. दारावर मोठा फलक लागलाय: ‘रिकामी बरणी आणा, भरून न्या. कुणालाही नाही म्हणणार नाही.’

आम्ही बरण्या नेणार आहोत. गल्लीतल्या सगळ्या बायका तयार आहेत. शिंपीण, नर्सबाई, शाळेतल्या दोघी, सगळ्यांनी ते मलम विकत घेतलेलं आहे, आणि सगळ्यांनी बरण्या परत दिलेल्या आहेत.

दादाला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. रविवारी माझी आठवण काढ.

तुझी,
ताई

२ एप्रिल

चि. चिमीस,
अ. आ.

तुझ्याशी बोलल्याला वर्ष झालं असेल. कामाच्या धबडग्यात राहून गेलं. आज लिहितोय, कारण ताई माझ्यासाठी दार उघडत नाही.

उद्घाटनात काय झालं ते तुला तिने तिच्या पद्धतीने सांगितलं असेलच. माझ्या बाजूनेही ऐक. हिचं भाषण रंगात आलं होतं. आमची एकही बरणी वाया जात नाही, असं ती म्हणाली आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात ताई आत आली. मागे बायकांची रांग, रस्त्यापर्यंत. प्रत्येकीच्या हातात टोपली. ताईने चिखलाने बरबटलेली बरणी पांढऱ्याशुभ्र काउंटरवर ठेवली आणि फलकाकडे बोट दाखवून ती भरून मागितली, अगदी नम्रपणे. मग दुसरीने, मग तिसरीने. काउंटरवर जागा उरली नाही तेव्हा त्यांनी पाहुण्यांच्या पायाशी जमिनीवर मांडल्या. एका बरणीतून गोगलगाय निघाली आणि हिच्या साडीवर चढली. कुणी ओरडलं नाही. ताई भांडली असती तर मी सावरून घेतलं असतं. पण ती हात जोडून उभी राहिली आणि वाट पाहत राहिली.

पत्रकाराने विचारलं, या आल्या कुठून? ताई म्हणाली, चला, दाखवते. सगळा जमाव खाणीकडे गेला. आम्ही दोघं रिकाम्या दुकानात उरलो. दुसऱ्या दिवशी खाणीचा फोटो छापून आला. तेव्हापासून दुकानं माल परत पाठवताहेत. ही अंथरुणातून उठत नाही.

एक गोष्ट कर. ताईला सांग, हे घरगुती भांडणातून झालं असं तिने त्या पत्रकाराला कळवावं. आईच्या नावासाठी तरी. शेवटी रक्ताचं नातं आहे. तू समजूतदार आहेस, म्हणून तुझ्याकडे पदर पसरतोय.

आपली माया पूर्वीसारखी राहावी.

तुझा,
दादा

७ एप्रिल

ती. दादास,
सा. न.

तुझ्या पत्रात माझं काम गेल्याचा उल्लेख नाही. त्या मुलीच्या चेहऱ्याचाही नाही. वहिनींच्या साडीवरच्या गोगलगायीचा मात्र आहे.

आईच्या नावासाठी म्हणतोस, तर आईच्या नावासाठीच सांगते. परत आलेल्या प्रत्येक बरणीवरून तिचा चेहरा निघाला पाहिजे. मजुरांकडून नाही, वहिनींच्या हातांनी. आणि तुमच्या कारखान्यात नाही, ताईच्या अंगणात, तिच्या डोळ्यांसमोर. त्या मुलीला तुम्ही दोघांनी स्वतः जाऊन भेटायचं आणि बरण्यांत काय भरत होता ते तिच्या तोंडावर सांगायचं. मग आमच्या व्यवस्थापकांनाही तेच सांगायचं.

हे झालं नाही तर तुम्ही भेट म्हणून पाठवलेल्या दोन बरण्या माझ्याकडे आहेत. डॉक्टरांची चिठ्ठीही आहे. त्या घेऊन मी कुठे जाईन, याचा विचार तू कर. समजूतदार आहे म्हणून आधी तुला कळवते आहे.

पदर पसरू नकोस, तुला शोभत नाही. नमस्कार पोचावा.

चिमी

२८ एप्रिल

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

आल्या.

दादा दारापर्यंत सोडून गेला, आत यायचं धाडस झालं नाही. मी अंगणात टब भरून ठेवला होता, गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. त्यात बरण्या भिजत घालायच्या, कागद सुटला की खरवडायचा, उरलेला डिंक तेलाने चोळून काढायचा. वहिनी खाली बसल्या. मी खुर्ची घेतली. खोटं कशाला बोलू, खुर्चीत बसताना मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी बोलत्या झाल्या. सुरुवातीला खरंच फुलं मुरवत होतो, म्हणाल्या. मग दुकानांची मागणी वाढली, फुलं पुरेनात, दादा म्हणाला एका खेपेपुरतं पांढरं मेण घालू. कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दुसरी खेप. पुढे फुलं आणणंच थांबलं, नुसता वास आणला. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, त्या कोपऱ्यातला चेहरा राहिलाय, तो काढा.

एक तुलाच सांगते. टबातल्या पाण्यावर आईचे चेहरे तरंगत होते. ओले होऊन विरघळत होते. डोळे जात, मग हसू जात असे. हे आपणच मागितलं होतं, पण मला तिथे बघवेना. मी आत गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर खरवडण्याचा आवाज थांबला नाही. त्यांना वाटलं असेल मी खिडकीतून बघतेय. मी नव्हते बघत.

आज त्यांच्या बोटांना सोड्याने चिरा पडल्या. रक्त आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं की आईंच्या हातचं नाही, पण तुम्ही केलेलं थोडं मलम आहे का. एका क्षणी मी उठणार होते, चिमे. हात सवयीने फळीकडे गेलासुद्धा. मग तुझी ती मुलगी आठवली, खिडकीकडे तोंड करून बसलेली.

मी त्यांना सांगितलं की डबी फळीवर आहे, उठून घ्या. माझ्या हातून मिळणार नाही. त्यांनी उठून घेतली. लावताना त्या रडत होत्या. मी पाणी बदललं.

संध्याकाळी दादा न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात खरवडणी दिली. म्हटलं, उद्यापासून दोघंही या, लवकर या, अजून निम्म्याहून जास्त बरण्या बाकी आहेत, आणि मग त्या मुलीकडे आणि चिमीच्या व्यवस्थापकांकडे जायचंय.

तुझ्या नाटकाचं बोलावणं आलं तर जायचं की नाही ते तुझं तू ठरव. मन नसेल तर घर आहे, मी आहे. तोवर तुझा जीव माझ्याकडे असू दे.

तुझी,
ताई