सीट दोन बोटं खाली

१२ नोव्हेंबर २००२, मंगळवार

सीट कापली! चांगली धडधाकट सीट. अच्युतने ती काढून बाजारातल्या कुशनवाल्याकडे नेली आणि आतला फोम दोन बोटं उतरवून आणला. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "उंच वाटत होती."

सहा फुटी माणसाला उंच वाटत होती. तीन वर्षं वाटली नाही ती आता वाटली.

शेजारचे रमजानभाई मस्कतहून कायमचे परत आले तेव्हा घरच्या सामानाबरोबर त्यांनी ही गाडी आणली होती. जपानी, चार सिलिंडरची, पुढे वारा अडवायला काच, दोन्ही अंगांना लाल प्लास्टिकचं चिलखत, मागे सामानाच्या पेट्या. लांबच्या पल्ल्याला चालते आणि पळतेही, म्हणे. त्यांच्या मुलांना काही ती झेपेना. अच्युत तेव्हा बोटीवरून नुकता निवृत्त होऊन आला होता. त्याने घेतली. तीस वर्षं जहाजाच्या इंजिनाशी बोलत आलेला माणूस, घरी बायकोशी काय बोलायचं ते सुचेना, म्हणून इंजीनच विकत घेतलं — असं मी तेव्हा सगळ्यांना हसत सांगायचे.

(समोर मी त्याला 'अहो' म्हणते. अच्युत फक्त इथे, वहीत.)

आज मात्र हसू आलं नाही. ही सीट कोणा बुटक्या माणसासाठी कापली आहे. माणसासाठी की बाईसाठी?

१६ नोव्हेंबर

पडवीत गाडी पूर्ण सोललेली. लाल चिलखत पाहुण्यांच्या खाटेवर, माझ्या जुन्या सुती साडीत गुंडाळून. मला न विचारता घेतलेली साडी.

आणि त्याच्या हत्यारांच्या पेटीत सलाइनच्या नळ्या! मी त्या तशाच हातात धरून बाहेर गेले. तो हसायला लागला. चार नळ्या त्याने एका फळीवर उभ्या बांधल्या, आत थोडं तेल, आणि प्रत्येकीचं टोक एकेका सिलिंडरला हवा देणाऱ्या कार्ब्युरेटरला जोडलं. इंजीन सुरू केल्यावर तेल वर चढलं — एकीत जास्त, दुसरीत कमी. मग स्क्रूड्रायव्हरने जरा इकडे, जरा तिकडे. हळूहळू चारही नळ्यांतलं तेल एका रेषेत आलं आणि इंजिनाचा आवाजच बदलला. खडखड गेली, नुसती गुणगुण राहिली.

"चौघांनी सारखा श्वास घ्यायला हवा," म्हणाला.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला गाण्याआधी एकच सूर धरून उभं करायच्या. कोणी वर गेलं की नुसती भुवई उचलायच्या. मी हे अच्युतला सांगितलं. त्याने पूर्ण ऐकलं. असा दिवस फार दिवसांनी आला.

सीटचं विचारायचं राहूनच गेलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या एस.टी.ने कोल्हापूरला गेला. पार्ट आणायला. एवढी मोठी गाडी दारात उभी आणि हा एस.टी.त! संध्याकाळी रिकाम्या हाताने परत. "मिळाला नाही."

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा कोल्हापूर. पुन्हा रिकामे हात.

२ डिसेंबर, सोमवार

दुपारी फोन. मुलीचा आवाज, मंजुळ, घाईतला. "काका आहेत का? मी भार्गवी बोलतेय. उद्या अकराच्या ऐवजी बाराला या म्हणावं त्यांना." मी कोण, कुठली विचारेपर्यंत फोन ठेवलासुद्धा.

निरोप दिला. म्हणाला, "पार्टवाल्याकडे कामाला आहे." माझ्याकडे न बघता म्हणाला. पार्टवाले गिऱ्हाइकाला वेळ ठरवून देतात हे मला माहीत नव्हतं.

जेवायला त्याच्या आवडीची सुरमई केली. सिस्टर म्हणायच्या, मुली, संशय आला तर विचार, पण मनात ठेवून गोड वागू नकोस. मी आज अगदी तेच केलं.

१० डिसेंबर

आता गिअर. ह्या गाड्यांचा गिअर पायाच्या बोटांनी खालून वर उचलून बदलतात, एवढं मला इतक्या वर्षांत बघून बघून कळतं. अच्युतने त्या दांड्याला मागून आणखी एक फाटा जोडून आणला — टाचेने दाबायचा. मी म्हटलं, हे कशाला? "बुटाचा, चपलेचा अंगठा खराब होत नाही," म्हणाला.

चपलेचा! हा माणूस बोटीवरचे जाड बूट चढवल्याशिवाय गाडीला हात लावत नाही. मग चपला घालून कोण बसणार आहे हिच्यावर?

सीट खाली, हँडल जवळ ओढून वर घेतलेलं, क्लच हलका केलेला, आणि आता चपलेसाठी गिअर. शिवणाच्या तासाला आम्ही दुसरीच्या मापाचं पोलकं शिवायचो तेव्हा कापड बेतलं की कळायचं कोणाचं ते. तसंच आहे हे. पडवीत कोणाच्या तरी मापाची गाडी बेतली जात आहे आणि ते माप माझं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

गाडी पूर्ण जोडून झाली. धुवून, पुसून, खाऱ्या हवेसाठी नटबोल्टना तेल लावून. तो फेरी मारायला निघाला तेव्हा मीच म्हटलं, येऊ का मागे?

"नको. सीट उंच आहे, तुझे गुडघे."

दोन वर्षं हेच कारण मी द्यायचे! तो यायला सांगायचा, मी गुडघे पुढे करायचे. आज त्याने माझंच वाक्य मला परत केलं. आणि उंच सीट तर त्याने कापली ना? पुढची कापली. मागची नाही.

लग्नानंतर त्याच्या मित्राच्या स्कूटरवरून आम्ही भाट्याच्या समुद्रावर गेलो होतो. मी एका बाजूला पाय सोडून बसलेली, एक हात त्याच्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने पदर धरलेला. परतताना त्याने स्कूटर थांबवली आणि म्हणाला, पुढच्या आठवड्यात बोट आहे, नऊ महिने. मी रडले नाही. तेव्हा वाटलं होतं, एक दिवस हा कायमचा घरी येईल, मग काय हवं!

आलाय खरा. पडवीपर्यंत.

४ जानेवारी २००३

गाडी घरात नाही! मी देवळात गेले तेवढ्यात जुनेद येऊन घेऊन गेला. जुनेद म्हणजे मिरजोळ्याला ज्याची वेल्डिंगची शेड आहे तो. ज्या गाडीची किल्ली अच्युतने सख्ख्या मुलाला कधी दिली नाही, ती त्याने जुनेदच्या हातात ठेवली. "थोडं काम आहे," एवढंच.

आता रोज रिक्षाने मिरजोळ्याला जातो. मंगळवारी कोल्हापूर, बाकीचे दिवस मिरजोळे. घरी असतो तेव्हाही मन घरात नसतं. उंबऱ्याला अडखळतो, हातातला चहा सांडतो. मी हाक मारली की "हं" येतं तेही उशिरा.

१४ जानेवारी, संक्रांत

सणाच्या दिवशीसुद्धा कोल्हापूर. तिळगूळ वाटीत तसाच.

कामाला येणारी सखू आज एकच पातेलं परत परत घासत होती. शेवटी म्हणाली, "बाय, रागावू नका, पन काल मिरजोळ्यात सायबांना बगितलंय मी. जुनेदच्या शेडीत होडीसारकी कायतरी वस्तू हाय. त्यात एका बाईला बसवलानी नि टेपान मापं घेतलानी. बाई खिदळत हुती."

मी म्हटलं, कोण बाई?

"तोंड काय दिसलं नाय. ओढणी हुती डोक्यावर."

मी म्हटलं, भांडी नीट घास.

१५ जानेवारी

गेले. अच्युत आंघोळीला शिरला आणि मी रिक्षा केली. साडीसुद्धा बदलली नाही.

जुनेद तोंडावर काळी काच धरून वेल्डिंग करत होता. मला बघून त्याने काच बाजूला केली आणि कपाळावर हात मारला. "काकी, तुम्ही कशाला आलात! काकांनी मला शपथ घातली होती."

शेडीच्या मधोमध गाडी. आणि तिच्या डाव्या अंगाला लोखंडी नळ्यांनी जोडलेली, एका चाकावर उभी, खरंच होडीच — पत्र्याची, निमुळत्या तोंडाची, आत गुबगुबीत बैठक, पाय लांब करायला जागा, चढायला एक पायरी. साइडकार.

जुनेद म्हणाला, "तुमच्यासाठी, काकी. मागे बसवत नाही ना तुम्हाला." आणि ती बाई? त्याची अम्मी! "ती तुमच्याच अंगाची, म्हणून तिला बसवून माप घेतलं. आता ती रोज विचारते, माझी कधी होणार."

मी तिथेच एका ड्रमवर बसले. जुनेदने पाणी आणून दिलं. हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. दोन महिने ज्या बाईला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती मीच निघाले!

त्याचं गुपित त्याच्याकडेच असू दे.

पण सीट? आणि भार्गवी? — पुरे. असतील काही कारणं. माणसाने एका दिवसात सगळंच का मागावं?

२ फेब्रुवारी, रविवार

मांडवीला गेलो! मी होडीत, तो बाजूला, काचेमागे ताठ बसलेला. रस्ताभर लोक वळून वळून बघत होते. दारावर मासे घेऊन येणारी चिमा वाटेत भेटली, डोक्यावर रिकामी पाटी. ओरडून म्हणाली, "काय वो बाय, सायबांनी तुमाला पार्सल केलानी की!" अच्युत इतका हसला की गाडी हलली.

मांडवीला थांबलो. मी उतरले, तो उतरला नाही. "तू जा, भेळ आण, मी इथे बसतो." मी दोन भेळी आणल्या. आम्ही समुद्राकडे बघत खाल्ल्या, तो गाडीवर, मी खाली उभी. सूर्य बुडाल्यावर लाल झालेल्या पाण्यावरून एक लाँच बंदरात आली, ती त्याने डोळ्याआड होईपर्यंत बघितली. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने माझ्या हातावर हात ठेवला, पण गुडघा काही हलला नाही.

घरी मी आधी आत गेले, दिवा लावायला. तो बराच वेळ बाहेरच होता.

३ फेब्रुवारी, सोमवार

भार्गवीचा फोन. आज मी विचारलंच, तू नक्की कोण, बाळ? ती गोंधळली. "काकू, मी फिजिओथेरपिस्ट. काकांच्या पायाचे व्यायाम मी घेते. त्यांनी सांगितलं नाही का?"

पडवीत जाऊन त्याच्यासमोर बसले. फोन त्याने ऐकला होता, तोच बोलला. डावा पाय पावसाळ्यापासून ऐकत नाही. पंजा वर उचलत नाही, थांबलं की गाडीचा भार पेलत नाही, म्हणून आधी सीट उतरवली, टाचेचा गिअर केला, मग तिसरं चाक जोडून घेतलं. "तू त्यात बसावीस हे मागाहून सुचलं, कुमुद. खोटं कशाला सांगू." कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय. औषध विचारलं तर म्हणाले, व्यायाम करा. आधी हा पाय जाणार, मग दुसरा.

मला तो हलका केलेला क्लच आठवला. मी म्हटलं, आणि हात?

"हात अजून आहेत," म्हणाला.