माझ्या सदऱ्यावर डाग का नव्हता

ठाणे, कार्तिक वद्य पंचमी, शके १८०५

राजमान्य राजश्री गोपीनाथराव यांस साडू सहदेव याचा शिरसाष्टांग नमस्कार. येथे आम्ही सर्व सुखरूप आहो (सुखरूप म्हणजे माझे पोट बिघडलेले, झोप उडालेली, आणि डाव्या कानात आठ दिवस भुंगा शिरल्यासारखा आवाज). आपली कंबर आणि कल्याणची लाकडाची वखार, दोन्ही ठीक असतील अशी आशा आहे. पंतोजींच्या शाळेतून मी दुसऱ्याच वर्षी पळालो, तेव्हा अक्षराला हसावे. मजकुराला हसू नये.

आपणांस ठाऊकच आहे की, गेल्या वर्षी पोलीस साहेबांनी मला तालमीतला जुना वस्ताद म्हणून बोलावले आणि शिपायांना रिकाम्या हाताने चाकू काढून घेण्याचे पेच शिकवायला सांगितले. साठी उलटल्यावर एवढा मान मिळाला, मी फुगलो. लाकडी चाकूचे टोक ओल्या गेरूत बुडवायचे आणि एकाने वार करायचा. दुसऱ्याने वार चुकवून मनगट पिळायचे. अंगावर गेरू उमटला की तो मेला. शिपाई आपसांत खेळत तेव्हा रोज निम्मे मरत. हवालदार हरिहर (जीभ फार तिखट) ओरडे, "अरे गाढवांनो, शिमग्यालासुद्धा माणूस इतका रंगत नाही!" मी म्हणे, सराव कमी पडतो. कारण तेच शिपाई माझ्यावरही वार करीत, तरी माझ्या सदऱ्यावर वर्षभरात एक ठिपका पडला नव्हता. माझी बायको गंगुबाई म्हणाली, तुमचा सदरा धुवायला फार सोपा. तेही मी कौतुकच समजलो.

त्यांतला दौलत माझा सर्वांत गुणी शिष्य. नेमणूक कल्याणची. गेल्या महिन्यात तिथल्या बाजारात एक दारुडा सुरा घेऊन एका दुकानदारावर धावला. लोक पळाले. दौलतच्या हातात काठी होती. ती त्याने खाली टाकली (होय, टाकली) आणि मी शिकवले तसा रिकाम्या हातांनी उभा राहिला. दारुड्याने मात्र मी शिकवलेला वार केला नाही. दुकानदार वाचला. दौलतच्या उजव्या हाताच्या शिरा तुटल्या. डॉक्टर म्हणतात, त्याची मूठ आता वळायची नाही.

मी त्याला भेटायला गेलो होतो. आपल्या वखारीवरून गेलो, पण तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून आत आलो नाही. पोराने डाव्या हाताने माझ्या पायांना स्पर्श केला आणि म्हणाला, "वस्ताद, माझाच पाय मागे पडला असेल. तुमच्या पेचात खोट नाही." गोपीनाथराव, मी मान डोलावली. त्याच्या आईने दिलेले गूळपाणीही प्यालो.

परत आल्यावर हरिहरला म्हटले, मला मार, जोराने मार. त्याने आधी नमस्कार केला आणि मग आरतीचे ताट ओवाळावे तसा चाकू पुढे आणला. "अरे, मार ना!" म्हणून मी ओरडलो. तर म्हणतो, "वस्ताद, तुमच्या अंगाला गेरू लावू? कुठल्या नरकात जाऊ मी?" वर्षभर सगळे असेच करीत होते. मला जपत होते. माझा पेच खरा की खोटा, हे मला आजवर कळलेले नाही, आणि सोमवारी नवे बारा शिपाई शिकायला येत आहेत.

घरी सर्वांस यथायोग्य सांगावे. आता पुरे करतो.

ता. क. रविवारी सकाळच्या गाडीने ठाण्यास यावे. लग्नकार्यात चार माणसांत माझी फजिती करताना आपण कधी भीड ठेवली नाही. माझ्याविषयी काडीचा आदर नसलेले असे आपल्या गोतावळ्यात आपण एकटेच आहात. लाकडी चाकू मी देईन. सर्व शिपायांसमोर माझ्यावर खरा वार करावा, आणि लागला तर मोठ्याने सांगावे.

पुन्हा ता. क. वार लागला तर संध्याकाळी आपल्याबरोबर मीही कल्याणला येईन. दौलतच्या दारापर्यंत सोबत करावी, एकट्याचे पाऊल उचलणार नाही. आत काय बोलायचे ते माझे मी बोलेन.

वार लागला नाही, तरी येणारच आहे.