राखेत बसलेला पक्षी

अण्णा,

तुमची नात गाडी चालवायला शिकतेय. सोळा वर्षांची आहे. तुम्ही तिला पाहिलं नाहीत आणि तिनं तुम्हाला पाहिलंय ते फक्त माझ्या मावसबहिणीच्या लग्नातल्या फोटोत, डोक्याला फेटा बांधलेले, कॅमेऱ्याकडे जरा संशयानं बघणारे. इथं ॲरिझोनात लायसन मिळण्याआधी मुलांना घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवून तीस तास गाडी चालवावी लागते. ते मोठं माणूस म्हणजे मी. तिच्या बाबांनी पहिल्याच दिवशी हात वर केले. शेजारी बसून ते इतके ओरडतात की गाडी जागची हलतच नाही. मी ओरडत नाही, पण माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो, आणि ते तिला दिसतं.

आम्ही गाडी शिकायला सुरुवात केली तेव्हा एकमेकींशी धड बोलत नव्हतो. तिनं जानेवारीत शाळेतून एक फॉर्म आणला होता. अग्निशमन दलाचा हायस्कूलच्या मुलांसाठी एक वर्ग असतो. दर शनिवारी शिडी, पाण्याचे पाइप, प्रथमोपचार असं सगळं शिकवतात, आणि पुढं त्याच नोकरीत जायचं असेल तर त्याचा उपयोग होतो. तिला पुढं त्याच नोकरीत जायचंय. तसं तिनं स्वयंपाकघरात उभं राहून, फ्रिजला टेकून सांगितलं. मी पोळ्या लाटत होते. "नाही" एवढंच म्हटलं आणि पीठ लागलेल्या हातानंच फॉर्म घेऊन चमच्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकला. तिचे बाबा म्हणाले, "अगं, शनिवारचा क्लास आहे यार, करू दे की." मी त्यांच्याशीही दोन दिवस बोलले नाही. अण्णा, मला कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कारण तुम्ही होतात, आणि तुमच्याबद्दल मी या घरात कधी काही सांगितलंच नव्हतं.

आम्ही राहतो ते गाव चँडलर. शेजारचं मोठं शहर फिनिक्स, त्या जळून परत जन्मणाऱ्या पक्ष्याच्या नावाचं. मोठ्या रस्त्यांची सवय व्हावी म्हणून मी तिला शनिवारी-रविवारी तिकडं नेत होते. ती चालवायची, मी नसलेला ब्रेक दाबायचे, आणि दोघी गप्प. एकदा सिग्नलला आमच्यापुढं कचऱ्याची गाडी उभी होती. तिच्या पाठीवर गोल शिक्का, त्यात पंख वर केलेला पक्षी. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "हा बघ फिनिक्स." ती म्हणाली, "ऑब्व्हियसली." मग पुढच्या चौकात तिनंच फुटपाथवरच्या लोखंडी झाकणाकडं हनुवटी केली. त्यावरही तोच. "आई, तू ब्रेक दाबण्यापेक्षा पक्षी शोध," ती म्हणाली, "इट विल कीप यू बिझी."

मग मी शोधू लागले. एकदा डोळ्याला सवय लागली की ते शहर पक्ष्यांनी भरलेलं आहे. पुलाच्या कठड्यात कोरलेले, बसथांब्याच्या फरशीत बसवलेले, पार्किंगच्या चार मजली भिंतीभर नारंगी पिसारा फुलवलेले. नियम तिनं केले. शहराचा शिक्का धरायचा नाही, कोणीतरी हातानं केलेलंच धरायचं. मी एकदा फार उत्साहानं एक लालभडक पक्षी दाखवला तर म्हणाली, "आई, दॅट्स अ चिकन. ते चिकनचं दुकान आहे." त्या दिवशी आम्ही महिन्याभरात पहिल्यांदा एकत्र हसलो. तिला हसता हसता गाडी बाजूला घ्यावी लागली. एका शनिवारी विमानतळाजवळच्या भाड्याच्या गाड्यांच्या इमारतीत गेलो, केवळ तिथं एक मोठं जुनं चित्र आहे असं तिनं कुठंतरी वाचलं म्हणून. प्रवासी बॅगा ओढत चाललेत आणि आम्ही दोघी मान वर करून उभ्या. ज्वाळा आणि त्यातून निघालेला तो, सगळा झगमगता. मला त्या चित्रापेक्षा ते बघणाऱ्या तिच्या तोंडाकडं बघायला जास्त आवडलं.

पण ज्या पक्ष्यासाठी मी हे लिहायला बसले तो मोठा नाही. जुन्या वस्तीत एका लॉन्ड्रीच्या मागच्या भिंतीवर आहे, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. आम्ही वाट चुकलो म्हणून त्या गल्लीत शिरलो. ज्यानं काढलाय त्याच्याकडं रंग कमी असावेत किंवा त्याला तसंच हवं असेल. ज्वाळा नाहीत. पंख मिटलेले. करड्या राखेच्या ढिगावर तो नुसता बसलाय, पाय काळे झालेत, आणि मान वाकडी करून राखेकडंच बघतोय. ती गाडी बंद करून खाली उतरली, त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "याचे पाय भाजत असतील ना?"

मी उत्तर दिलं ते विचार करून नव्हे. माझ्या तोंडून तुमचंच वाक्य आलं. मी म्हटलं, "हात उलटा धरून बघावं लागतं."

मी अकरा वर्षांची आहे. इचलकरंजीत सुताच्या एका गोदामाला आग लागलीय आणि तुम्ही दोन रात्री घरी आलेला नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी येता. आई बादलीत पाणी काढून ठेवते, तुमच्या अंगाचा जळक्या सुताचा वास अख्ख्या चाळीत पसरतो. आगीवरून आलात की तुम्ही गरम काही खायचा नाहीत, म्हणून ताकभात कालवलेला असतो. तुम्ही जेवताना मी शेजारी बसून शाळेत ऐकलेली गोष्ट सांगते. एक पक्षी असतो, तो स्वतःला जाळून घेतो आणि राखेतून पुन्हा उठतो. तुम्ही घास हातात ठेवून हसता. "राखेतून काय उठतं ठाऊक आहे का? आग. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. सगळे टाळ्या वाजवून घरी गेले की उठते. मग आम्हाला परत जावं लागतं." आणि संध्याकाळी खरंच परत जाता, मला सायकलच्या दांडीवर बसवून. गोदामाचं छप्पर गेलेलं असतं. सुताच्या गाठी वरून काळ्या आणि विझलेल्या दिसतात. तुम्ही गुडघे टेकून एका गाठीजवळ हात नेता, तळवा नाही, हाताची पाठ. माझाही हात तसाच धरता. "आतून धुमसतीय, कळतंय का? तळवा लावायचा नाही. तळवा भाजला की काम थांबतं." मग तुम्ही आणि तुमचे दोन सोबती एकेक गाठ फोडून पाणी मारत राहता. बघायला कोणी नसतं. मला जांभया येतात. दिवस मावळताना तुम्ही मला सायकलवर बसवता आणि सांगता, आग विझवायला अर्धा दिवस लागला, राख विझवायला तीन.

हे सगळं मी लॉन्ड्रीच्या मागं, कडक उन्हात, तुमच्या नातीला सांगितलं. ती तशीच उकिडवी बसून ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "ओव्हरहॉल."

"काय?"

"दॅट्स कॉल्ड ओव्हरहॉल. आग गेल्यावर आतली आग शोधणं. मी वाचलंय." मग उभी राहिली. "आजोबा फायरफायटर होते?"

मी होकाराची मान हलवली.

"तू तर म्हणालीस, 'ही वर्क्ड फॉर द सिटी.'"

"नगरपालिकेतच होते."

"आई! सिक्स्टीन इयर्स!" ती एवढं म्हणून गाडीत जाऊन बसली, शेजारच्या सीटवर. परतताना गाडी मी चालवली. ती खिडकीबाहेर बघत रडत होती आणि आवाज होऊ देत नव्हती.

अण्णा, हे लपवणं मी कधीपासून करत आले ते सांगते. कॉलेजच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी खोलीतल्या मुली आपापले वडील सांगत होत्या. एकीचे डॉक्टर, एकीचे इंजिनिअर. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, नगरपालिकेत आहेत. ते खोटं नव्हतं. पण मला ठाऊक होतं की मी काय झाकलं. शेवटच्या वर्षाला तुम्ही गेलात. डॉक्टर दमा म्हणाले, आई अखेरपर्यंत सुताचा धूर म्हणत राहिली. त्यानंतर ते वाक्य बदलायला काही कारणच उरलं नाही. तेच मी लग्न ठरताना बोलले, तेच मुलीला सांगितलं.

आणि ती खुर्ची. दहावीला तुम्ही सुताराकडून करून घेतलेली, सायकलला बांधून आणलेली. आपल्या घरात तोवर खुर्ची नव्हती. तुम्ही ती खिडकीपाशी ठेवलीत, हातानं हलवून डुगडुगत नाही ना पाहिलंत, आणि म्हणालात, "तू बसून करायचं काम कर." मी केलं. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहे. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरं घालावं लागतं, धुळीचा एक कण चालत नाही. बाकीचा दिवस मी खुर्चीत बसते. तुम्ही मागितलंत ते मी तंतोतंत दिलं, आणि आता माझी मुलगी त्या खुर्चीवरून उठून परत बंबावर चढायचं म्हणतेय. मी ड्रॉवरमध्ये फॉर्म टाकला तो तुमच्या वतीनं टाकला, असं मला वाटत होतं.

पुढच्या शनिवारी ती तरीही किल्ली घेऊन दारात उभी राहिली. तास पुरे करायचे होते. आम्ही शहरात मोठ्या रस्त्यावर असताना मागून सायरन ऐकू आला. तो आवाज कुठल्याही देशात मला तुमच्या बंबाचाच वाटतो. तिनं आरशात पाहिलं, वळण्याचा दिवा लावला, सावकाश उजवीकडं घेऊन थांबली. बंब आमच्या शेजारून गेला. त्याच्या दारावर तोच शिक्क्यातला पक्षी. मी म्हटलं, "चल आता." ती म्हणाली, "वेट. अजून एक येईल." मान जरा तिरपी करून ती ऐकत होती. चेहऱ्यावर थरार वगैरे काही नव्हता, एखादं गणित मनात करताना माणूस दिसतं तशी दिसत होती. आणि दुसरा आला. आमच्या पुढची गाडी रस्त्यात शिरली होती, तिला कचकन थांबावं लागलं. तोही गेल्यावर तिनं मागं पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मगच गाडी हलवली. माझ्या पायानं त्या सगळ्या वेळात एकदाही ब्रेक दाबला नव्हता. ते घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी मी ड्रॉवर उघडला. फॉर्मवर पिठाच्या बोटांचे ठसे वाळले होते. ती टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी सही केली. मग ती म्हणाली, "आता सगळं सांग. फ्रॉम द बिगिनिंग." मी सांगायला लागले. बंबाला बंब म्हणतात इथपासून सुरुवात करावी लागली. तिला तो शब्द इतका आवडला की आता ती दुसरं काही म्हणत नाही.

मे महिना लागलाय. आज तिच्या अग्निशमनाच्या वर्गाचा पहिला शनिवार आहे. गाडी तीच चालवत इथवर आली, उतरली, केस बांधले आणि गेली. मी तिला म्हटलं की मेथी आणायला इंडियन स्टोअरमध्ये जाऊन येते. गेले नाही. एसी चालू ठेवून एका बारक्या झाडाच्या सावलीत बसलेय आणि तिच्या वहीतली पानं फाडून हे लिहितेय. जाळीच्या कुंपणापलीकडं दहा-बारा मुलं जाड पाइप गुंडाळताहेत. गुंडाळून झाला की त्यांना शिकवणारा माणूस परत उलगडायला लावतो. सगळ्यांची हेल्मेटं सारखी, त्यामुळं तुमची नात कुठली ते मला सांगता येत नाही. एकीनं मघाशी पाइपावरचा हात उचलून हाताची पाठ वळवून पाहिली. ती असेल. भीती गेलेली नाही अण्णा, पण मघापासून मी घड्याळ पाहिलेलं नाही.

ही पानं गाडीच्या खणात विम्याच्या कागदांखाली राहतील. तुम्हाला पाठवायची कुठं? फक्त एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती आत्तापर्यंत त्या शिकवणाऱ्या माणसाला कळली असणार. फॉर्मवर विचारलं होतं, कुटुंबात कोणी या कामात होतं का, किती वर्षं आणि कोणत्या हुद्द्यावर. तुमच्या नोकरीची वर्षं मला नक्की माहीत नव्हती. आईही आता नाही विचारायला. मी अंदाजानं अठ्ठावीस लिहिली. आणि हुद्दा, तुम्ही शेवटपर्यंत साधे फायरमन होतात हे मला चांगलं ठाऊक असताना, मी कॅप्टन असा लिहिला. पेनानं लिहिलाय.