दहाव्या भागाची सुरुवात

नोव्हाय, मिशिगन, ९ मार्च २००४

चि. सिद्धेश व चि. सौ. नेत्रा यांस अहिल्यामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या मावसभावाने, शंतनूने मला ईमेल काढून दिलंय, पण त्यावर मराठी लिहायचं म्हणजे इंग्रजी अक्षरांत ‘kashi aahes’. ते वाचताना मी कुणी वेगळीच बाई आहे असं वाटतं. तेव्हा तूही कागदावरच लिही. कॉम्प्युटर इंजिनिअरचं अक्षर किती बिघडलंय तेही कळेल.

डोरोथीच्या फिल्मचे पंधरा डबे काल तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर रवाना झाले. ही माझी शेजारीण, त्र्याहत्तर वर्षांची. १९३८ साली वर्तमानपत्रातल्या एका चित्रकथेवरून ‘डिटेक्टिव्ह टॉलिव्हर’ नावाचा पंधरा भागांचा सिनेमा निघाला होता. दर शनिवारी एक भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी टॉलिव्हर मरणाच्या दारात. पडायचं, बुडायचं काम मात्र हीरो करायचा नाही, डोरोथीचे वडील करायचे. पुढच्याच वर्षी अशाच एका उडीत ते गेले. ही तेव्हा आठ वर्षांची.

एक टीव्ही स्टेशन या फिल्म्स फेकून देत होतं, तिथून तिच्या नवऱ्याने त्या आणल्या आणि भिंतीवर दाखवल्या. वडिलांचा चेहरा एकदाच, क्षणभर दिसतो म्हणे. नेमकं तेव्हाच तिने डोळे मिटून घेतले. मग प्रोजेक्टर बिघडला, नवराही गेला. आता तिला एकदा डोळे उघडे ठेवून बघायचंय. तुझी कंपनी जुन्या सिनेमांच्या डीव्हीडी काढते हे मीच तिला सांगितलं. भाचा माझा आहे, काळजी करू नकोस, असंही म्हणाले. डबे परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला आहे.

नेत्राचा ताप उतरला का? लिंबाचं लोणचं पाठवते. माया आहेच, पत्रही असू दे.

तुझी, अहिल्यामावशी

*

सनीव्हेल, २८ मार्च २००४

ती. स्व. अहिल्यामावशीस सिद्धेशचा साष्टांग नमस्कार.

डबे सुखरूप पोचले. फिल्म इतकी चांगली आहे की आमचा बॉस रँडी ऑफिसात नाचला. अख्ख्या अमेरिकेत पूर्ण पंधरा भाग आणखी कुणाकडे असल्याचं त्याला माहीत नाही. स्क्रॅचेस काढायचं सॉफ्टवेअर माझं, म्हणून सगळ्या फिल्म्स मी आधी एका छोट्या यंत्रावर हाताने हँडल फिरवून बघतोय. यार, काय धमाल प्रकार आहे! भाग संपताना टॉलिव्हर गोदामाच्या छपरावरून पडतो, आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला तेच पडणं दुसऱ्या बाजूने दाखवतात. आपण समजलो तितकं काही वाईट झालेलं नसतं.

डोरोथीआजींचे वडील सापडले. दहाव्या भागाच्या अगदी सुरुवातीला, उडीच्या आधी. मी चार वेळा मागेपुढे करून बघितलं. आजींना सांग, दिसतात.

नेत्रा बरी आहे, लोणच्याची वाट बघतेय. ग्रीन कार्डचे कागद रँडीने वकिलाकडे दिलेत. असंच लक्ष असू दे आमच्यावर.

तुझा, सिद्धेश

*

सनीव्हेल, २० जून २००४

ती. स्व. मावशीस सा. नमस्कार.

घाईत लिहितोय. कंपनीचं पत्र डोरोथीआजींना मिळालं असेल. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. त्यांची सगळी फिल्म तशीच निघाली. काही वाचवता आलं नाही, डबे नष्ट करावे लागले. सॉरी सांग. काम खूप आहे.

सिद्धेश

*

नोव्हाय, २ जुलै २००४

चि. सिद्धेशास अ. उ. आ.

डोरोथीने पत्र दोनदा वाचलं. सही तुझी होती, म्हणून मला दाखवलं. म्हणाली, माझ्याच तळघरात कुजलं असणार, चूक माझीच. मी तिला कॉफी करून दिली.

एकच विचारते. मार्चमध्ये फिल्म इतकी चांगली होती, मग दोन-तीन महिन्यांत असा कसा वास सुटला? मी रसायनशास्त्र शिकवलेली बाई आहे, समजावून सांगितलंस तर कळेल. नेत्राने फोनवर गोड बातमी दिली, तिला जप.

मावशी

*

नोव्हाय, १४ ऑक्टोबर २००४

सिद्धेश,

वर आशीर्वाद लिहायला हात उचलला नाही, म्हणून लिहिले नाहीत. माझ्या जुलैच्या पत्राला तुझं उत्तर नाही, आणि आता ते कशामुळे नाही हे कळलं.

काल शंतनू दुकानातून एक डीव्हीडीचा खोका घेऊन आला. वर ‘डिटेक्टिव्ह टॉलिव्हर’. मागे छापलंय की मिशिगनमधल्या एका घरात मिळालेल्या एकमेव संपूर्ण प्रतीवरून तयार केलेलं. आत प्लॅस्टिकचं कार्ड, आणि त्यात नखाएवढा फिल्मचा तुकडा. प्रत्येक खोक्यात मूळ फिल्मचा खरा तुकडा भेट, असं लिहिलंय. मी तो उजेडात धरला. एका माणसाचा अर्धा बूट दिसतो. नाकाशी नेला. व्हिनेगरचा वास नाही.

मला शिसारी आली. मी जाऊन हात धुतले, तुला खोटं वाटेल, साबणाने दोनदा धुतले. त्या बाईच्या बापाचे तुम्ही तुकडे केलेत, खोक्याखोक्यातून वाटलेत, आणि वर तिलाच लिहिलंत की तुझ्या घरात कुजलं. ती अजून तळघराच्या भिंतींना दोष देते. मी रोज तिच्यासमोर बसून कॉफी पिते, तिला धीर देते. माझीही किळस येते मला.

खोक्यातल्या दोन्ही डीव्हीडी मी बसून पाहिल्या. दहाव्या भागाच्या सुरुवातीला तो चेहरा नाही. ते दृश्य कुठे आहे?

अहिल्या

*

सनीव्हेल, २५ ऑक्टोबर २००४

ती. स्व. मावशीस,

ते कुठेच नाही.

स्कॅनरचं मशीन तासाच्या भाड्याने आणलेलं होतं. मागच्या भागात काय झालं ते पुन्हा कशाला, म्हणून रँडीने प्रत्येक भागाची सुरुवात स्कॅनच करू दिली नाही. मग ती तुकड्यांची आयडिया त्याच्या डोक्यात आली. फिल्म परत द्यायची तर ते जमलं नसतं, म्हणून कुजल्याचं पत्र. ओळख तुझी आहे, तू सही कर, त्या विश्वास ठेवतील, असं तो म्हणाला. मी नाही म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, की ग्रीन कार्डच्या कागदावर अजून त्याची सही व्हायची आहे. मी सही केली.

अजून आहे. कापायला माणसं कमी होती. कॉन्फरन्स रूममध्ये आम्ही तिघे चार दिवस पेपरकटर घेऊन बसलो. रँडीने पिझ्झा मागवला. तेलकट बोटांचे डाग पडले तर तो हसून म्हणायचा, की त्याने तुकडा आणखी जुना दिसतो. दहावा डबा माझ्याच वाट्याला आला. चेहरा ओळखला मी. तरी कापला. एखादा तुकडा खिशात टाकावा एवढंही मला सुचलं नाही. त्या दिवसापासून जेवताना हाताला प्लॅस्टिकचा वास येतो.

नेत्राला काल सगळं सांगितलं. ती म्हणाली, की काय करायचं ते तू ठरव, पण माझ्यासाठी केलंस असं कुणाला सांगू नकोस.

डोरोथीआजींना तूच समजावून सांगशील का? मी लिहिलं तर त्यांना धक्का बसेल.

सिद्धेश

*

नोव्हाय, २ नोव्हेंबर २००४

सिद्धेश,

नाही. खोटं तू तुझ्या सहीने पाठवलंस, खरं माझ्या तोंडून जाणार नाही. धक्का तिला बसेल की तुला, याचा नीट विचार कर. नेत्रा तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

तिच्या दारात उभा राहा आणि सांग. उतरायला माझं घर आहे, जेवायला वाढीन. त्याहून जास्त आत्ता काही कबूल करत नाही.

मावशी

*

सनीव्हेल, ९ डिसेंबर २००४

ती. स्व. अहिल्यामावशीस सिद्धेशचा साष्टांग नमस्कार.

विमानतळावर सोडताना तू काहीच विचारलं नाहीस. बोलता आलं नसतं मला, म्हणून लिहितो.

मी दारातच सगळं सांगितलं. सही, पेपरकटर, पिझ्झासुद्धा. डोरोथीआजी दाराला धरून ऐकत होत्या. माझ्याकडे त्या असं बघत होत्या, की मला वाटलं, आता दार लावून घेतील आणि सुटेन. पण त्यांनी मला आत बोलावलं. बसायला सांगितलं नाही.

त्यांनी विचारलं, की तो चेहरा नीट पाहिलेला माणूस आता तूच ना? मी हो म्हणालो. मग त्या म्हणाल्या, सांग. त्यांची आई त्यांना नेहमी सांगायची, की तुझा बाप कशाला घाबरायचा नाही, हसत हसत उडी मारायचा.

मावशी, हसत होते असं म्हणणं किती सोपं होतं. त्यांना बरं वाटलं असतं आणि मलाही. पण ते हसत नव्हते. मी चार वेळा बघितलंय. हनुवटी थरथरत होती. खाली बघितलं, मग मागे बघितलं, कुणीतरी ‘राहू दे’ म्हणेल अशा नजरेने. मग डोळे घट्ट मिटले आणि उडी मारली. मी तसंच सांगितलं.

आजी खुर्चीत बसल्या. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, की आम्हाला सोडून त्यांना त्या उड्याच आवडायच्या असं वाटून मी पासष्ट वर्षं त्यांच्यावर चिडले होते. ते घाबरले होते, म्हणजे त्यांना घरी यायचं होतं.

मला म्हणाल्या, की मी तुला माफ केलेलं नाही, करीन असंही वाटत नाही. हे सगळं लिहून सही करून दे. मी तिथेच टेबलावर लिहून दिलं. त्यांची पुतणी वकील आहे, ती पुढचं बघेल. मग त्यांनी दार उघडून धरलं. हात पुढे केला नाही, आणि करायची माझी हिंमत नव्हती.

सोमवारी राजीनामा दिला. रँडीने वर न बघता ऑफिसचं कार्ड मागून घेतलं. व्हिसा त्याच्याच कंपनीचा, त्यामुळे आम्ही जानेवारीच्या आधी नागपूरला परततोय. बाळ तिथेच होईल. नेत्रा पुस्तकं खोक्यांत भरतेय. मी त्या खोक्यांना हात लावला की ती आधी माझे हात बघते, मग चिकटपट्टी माझ्याकडे देते.

डोरोथीआजींकडे कॉफीला जात राहा. आमच्याविषयी जे वाटत असेल ते वाटू दे, फक्त लिहिणं थांबवू नकोस.

सिद्धेश