फोन अजून उत्तम चालतो

३ जानेवारी
संकल्प : हाच फोन आणखी पाच वर्षं वापरणार. कंपनीने अपडेट द्यायचं बंद केलं म्हणून चांगलं यंत्र टाकून द्यायचं? इंटरनेटवरून दुसरी सिस्टीम उतरवली आणि स्वतः दोन्ही फोनांवर चढवली. एक माझा, एक लेकीचा. तिला नवा हवा होता. म्हटलं, कंपन्यांच्या नादी लागू नकोस, बाप कशाला आहे?

१९ जानेवारी
लेकीची नोकरीची मुलाखत, व्हिडिओवर. ऐन रंगात फोन बंद पडून आपोआप सुरू झाला. मग पुन्हा. नोकरी हातची गेली. वास्तविक मुलाखतच लांबली, कुठलाही फोन तापेल. मी एवढंच म्हणालो की आधी रीस्टार्ट करून घ्यायचा. तिने फोन माझ्या पायाशी आपटला. काचेवर चरा नाही! याला म्हणतात माल. हे बोलूनही दाखवलं.
संध्याकाळी बॅग भरून मावशीकडे गेली.

२० जानेवारी
ठरलं. ती माफी मागेपर्यंत अबोला. ही म्हणाली, माफी कोणी कोणाची मागायची? प्रश्नच कळला नाही.

२० फेब्रुवारी
मेसेजचं ॲप माझ्या फोनवर बंद. म्हणे, या फोनला आता सपोर्ट नाही. गेलात उडत. फॅमिली ग्रुपची कटकट मिटली. ऑफिसातल्या अकाउंटंटने विचारलं, मग तुला निरोप कसे मिळणार? म्हटलं, ज्याला गरज असेल तो फोन करेल.
अजून कोणाला गरज पडलेली नाही.

२ मार्च
आज डोक्यात प्रकाश पडला. लेकीने माफी मागितली असणार, आणि ती त्या बंद ॲपमध्ये अडकलीय! ही पिढी फोन करत नाही, लिहिते. पोरगी उत्तरासाठी झुरत असेल. हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

९ मार्च
ॲपची जुनी आवृत्ती टाकून पाहिली. उघडते, 'अपडेट करा' म्हणते, मिटते. बँकेचंही तेच. बॅटरी फुगलीय, मागचं झाकण रबरबँडने धरलंय. बाकी फोन उत्तम.

१४ मार्च
नवा फोन घेतला. तत्त्व सोडलेलं नाही, लेकीसाठी नाइलाज. दुकानदार म्हणाला, याला सात वर्षं अपडेट येतील. मी त्याला चांगलं सुनावलं.
ॲप सुरू केलं. आले : पाणी बंद राहील. जिममध्ये सवलत. अकाउंटंटची फुलं, रोजची.
लेकीचं काही नाही. शेवटी मीच मोठेपणा घेतला. लिहिलं, 'झालं गेलं विसरलो. तुला माफ केलं.'
एकच टिक.

१५ मार्च
अजून एकच टिक. फोन केला, तर हा नंबर अस्तित्वात नाही. हिला विचारलं. म्हणाली, नवी नोकरी लागली तेव्हाच तिने नंबर बदलला. कुठली नोकरी? सगळ्यांना माहीत होतं. मावशीला, आत्याला, शेजारच्या काकूंना.
फार वाईट वाटलं. म्हटलं, नवा नंबर दे. ही म्हणाली, थांबा, तिला विचारते. माझ्यासमोरच लिहिलं. उत्तर लगेच आलं. हिने वाचलं, फोन पालथा ठेवला.
काय म्हणाली, विचारलं. ही म्हणाली, जेवून घ्या.