खरवडलेली काच

अप्पा, तुमच्या लाकडी पेटीतली, रक्ताचा थेंब ओढलेली ती एक काच मी या आठवड्यात खरवडली. आता तिच्यावर काही उरलेलं नाही, कोपऱ्यातली कागदाची चिठ्ठी तेवढी आहे, तुमच्या अक्षरातली. बाकीच्या काचांवर तुम्ही मालकाचं आडनाव आणि जनावर लिहायचात, कुणाची म्हैस, कुणाचा बोका. या एका काचेवर लिहिलंय, ‘माझी’. घरात पोटची मुलगी असताना, अप्पा! माझ्या वह्यांवर नाव घालायला तुम्हाला कधी सवड झाली नाही, ते आईनेच घातलं.

चिडून लिहितेय हे कळलंच असेल तुम्हाला. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकती डिग्री हातात घेऊन बसले होते, त्यामुळे मी पुढे काय केलं ते तुम्हाला ठाऊक नाही. नवीन पनवेलमध्ये एका गाळ्यात माझी लॅब आहे. पनवेल, खारघर, उलवे इकडचे जनावरांचे डॉक्टर कुत्र्यामांजरांचं रक्त पाठवतात, शी पाठवतात, आणि त्यात कुठला परजीवी आहे ते आम्ही पीसीआर करून सांगतो. तुम्ही डोळा लावून रक्तपेशींत किडा शोधायचात ना, तसं नाही. त्या किड्याच्या डीएनएचा एखादा तुकडा जरी नमुन्यात असला तरी मशीन त्याच्या प्रती काढत राहतं, इतक्या की शेवटी लपायला जागाच राहत नाही. नसला, तर काही वाढत नाही. पडद्यावर एक रेघ चढते नाहीतर आडवी पडून राहते, एवढंच बघायचं. तुम्ही नाक मुरडलं असतं. पण मागून येऊन बघितलंही असतं, खात्री आहे माझी.

आणि एवढं करून गावात नाव कुणाचं? तुमचं! परवा मोहल्ल्यातले एक चाचा आले होते. सगळी नोकरी कुवेतमध्ये झाली, आता घरी असतात आणि मांजर पाळतात. त्या मांजराचे जुलाब काही केल्या थांबत नव्हते, तीन डॉक्टरांनी जंताची औषधं देऊन झाली होती. आमच्या टेस्टमध्ये आतड्यातला एक वेगळाच परजीवी निघाला, त्यावरचं औषध वेगळं, आणि मांजर सुधारलं. चाचा मिठाईचा पुडा घेऊन आले. मला वाटलं, चला, आज आपलं कौतुक आहे. तर म्हणतात कसे, “बेटा, तुमच्या वालिदच्या हातात शिफा होती. नुसता हात ठेवला की जनावर उठून उभं राहायचं. अल्ला त्यांना जन्नत नसीब करो.” वर म्हणाले, “अखेर मुलगी कुणाची!” मी हसले. हसावंच लागतं. आत नुसता जळफळाट. मागे ओवे गावच्या एका आजीने तर तोंडावर सांगितलं होतं, “तुज्या बापसाला मशीन नाय लागायची, पोरी.” मेलेल्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या हातून नवीन चूक होत नाही.

मग मी म्हटलं, जुनी शोधू या. खरं सांगते, याच विचाराने मी तुमची पेटी माळ्यावरून खाली काढली.

तुम्ही तिला, त्या ‘माझी’ कुत्रीला, चिरनेरहून आणलंत तो दिवस मला अजून आठवतो. कुणाच्या तरी अडलेल्या गाईसाठी गेला होतात आणि येताना स्कूटरवर, पुढे पायांत पिशवी, पिशवीतून तांबूस डोकं बाहेर. मी चौथीत होते. आधी मीही आनंदाने नाचले. पण तुम्ही रोज संध्याकाळी फाटक उघडताना जी हाक मारायचात, ती त्या दिवसापासून तिला मारायला लागलात. आधी ती माझी हाक होती, अप्पा. तुम्ही फाटकातून ओरडायचात आणि मी असेन तिथून धावत यायची. आता ती धावायची, आणि मी दारात उभी राहून बघायची की तुम्ही तिच्या कानामागे खाजवताय, तिच्याशी बोलताय, दिवसभरात काय झालं ते सगळं तिला सांगताय. मला गोवर आला तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात, “उतरेल” म्हणालात आणि दवाखान्यात गेलात. ती आजारी पडली तर तुम्ही ओटीवर चटई टाकलीत आणि तिच्याजवळ झोपलात. आईसुद्धा म्हणाली होती, “बाई गं, आपण कुत्री असतो तर बरं झालं असतं.” आई हसत म्हणाली. मी नाही हसले.

ते आजारपण अजून दिसतं मला: तिच्या कानाच्या टोकाला सुई टोचून तुम्ही रक्ताचा थेंब काढताय, याच काचेवर दुसऱ्या काचेने पातळ ओढताय, रंग चढवून खिडकीशी बसताय. किती वेळ बसलात! काही दिसलं नाही. हिरड्या पांढऱ्याफटक, अंगावर गोचीड, ताप, तेव्हा गोचीडतापच असणार म्हणून तुम्ही टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल सुरू केल्यात. सकाळची तुम्ही द्यायची. आई शाळेत शिकवायला, तुम्ही दवाखान्यात, म्हणून दुपारची आणि संध्याकाळची माझ्याकडे. मी सुकट भातात कालवून गोळा करायचे, त्यात कॅप्सूल दडवायचे, आणि ती गिळेपर्यंत तिचं तोंड धरून बसायचे. माझ्या हातांना सुकटीचा वास येतो म्हणून वर्गात पोरी नाक दाबायच्या. एक कॅप्सूल चुकवली नाही मी.

आणि ती गेली. तुम्ही तिला परसात पुरून आलात, हातपाय न धुता स्वयंपाकघरात आलात. मी ताटं मांडत होते. तुम्ही म्हणालात, “तू दिल्याच नसशील कॅप्सूल. तुला ती नकोच होती. पहिल्या दिवसापासून जळत होतीस तिच्यावर.” आई म्हणाली, “अहो, काय बोलताय लेकराला!” तुम्ही काही न खाता उठलात. पुन्हा कधी तो विषय काढला नाहीत, ना माफी, ना आणखी एक शब्द. मीही जनावरांची डॉक्टर झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं वडिलांचा वारसा चालवते. वारसा कसला डोंबलाचा! मला फक्त एकदा तुम्हाला खोटं पाडायचं होतं.

तर काच. खरवडण्याआधी मी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली. सबंध सकाळ बघितली, कडा बघितल्या, थर सगळ्यात पातळ होतो ते शेवटचं पिसासारखं टोक बघितलं. अप्पा, मलाही काही दिसलं नाही. हे तुमच्या बाजूचं आहे म्हणून लिहून ठेवते. मग ब्लेडने तो वाळलेला गुलाबी थर उतरवून नळीत घेतला. तिचं म्हणून जगात तेवढंच शिल्लक होतं, आणि ते मी संपवलं. इतक्या जुन्या, रंग दिलेल्या काचेत डीएनए टिकला असेल अशी आशा कमीच होती. शेजारी नुसत्या पाण्याची नळी ठेवली, आमच्या हातून काही मिसळलं तर त्यात कळतं. तुम्ही धरलेल्या गोचीडतापाच्या जंतूची रेघ आडवीच राहिली. पाण्याची आडवी. आणि बबेसियाची, गोचिडीतूनच येणाऱ्या, पण रक्तपेशींत शिरून त्या फोडणाऱ्या दुसऱ्याच बारक्या परजीवीची रेघ उशिरा, अगदी उशिरा, पण चढली. मी पुन्हा लावून बघितली. पुन्हा चढली. त्याला तुमच्या कॅप्सूल काही करू शकल्या नसत्या, मी दिवसातून दहा वेळा भरवल्या असत्या तरी. आजही तो चिवट आहे, औषधं बदलावी लागतात, तरी अंगात कुठेतरी दडून राहतो.

झाले मी निर्दोष. वाटलं होतं, पेढे वाटीन. तशीच उठले आणि आईकडे गेले. आई आता थकली आहे, पण जीभ तीच. सगळं ऐकून म्हणाली, “मेलेल्या माणसाशी कसली गं चढाओढ?” मी म्हटलं, “मला निदान एकदा सांगायचं होतं त्यांना, की मी दिल्या होत्या.” आईने डोक्यावरचा पंखा कमी केला. मग म्हणाली, “ती काच ते दर रविवारी काढून बघायचे. दवाखाना बंद असला की खिडकीत घेऊन बसायचे. मी विचारलं तर म्हणायचे, माझंच काहीतरी बघायचं राहिलंय. कितीतरी वर्षं.”

म्हणजे चूक आपलीच, असं तुम्हालाही वाटत होतं, अप्पा. कॅप्सूल दिल्या होत्या हे तुम्हाला ठाऊक होतं, आणि ते तुम्ही काचेला सांगत बसलात. मी शेजारच्या खोलीत अभ्यास करत असायची. चार पावलं यायचं होतं. मला इथे तुमची दया यायला हवी, आणि थोडी आलीही. पण पहिलं मनात काय आलं सांगू? की रविवारसुद्धा तिचेच होते.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. स्वयंपाकघरात तुम्ही दोन गोष्टी म्हणालात. कॅप्सूलची खोटी होती, ते आता सिद्ध झालं. दुसरी खरी होती. तुम्ही परसात खड्डा खणत होतात तेव्हा मी रडत होते, पण रडता रडता माझ्या मनात आलं होतं की उद्यापासून फाटकातली हाक परत माझी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वेणी घालून, फ्रॉक बदलून ओटीवर येऊन बसले होते. तुम्ही फाटक उघडलंत, लावलंत, आणि कुणालाच हाक न मारता आत गेलात.